पेद्द नायकाची राखण

चेन्नईच्या दक्षिणेला परंगीमलै नावाची एक टेकडी आहे. परंगी म्हणजे आपला फिरंगी आणि मलै म्हणजे डोंगर. इंग्रजीत तिला सेंट थॉमस माउंट म्हणतात. १९३१ साली बीच ते तांबरम ही विजेची आगगाडी सुरू झाली, आणि मग त्या टेकडीच्या आसपासच्या भातशेतांत कारकून, शिक्षक व पेन्शनर यांची बैठी घरे हळूहळू उभी राहिली. त्या बैठ्या घरांच्या जागी आता चार-चार मजली संकुले आली आहेत. अशाच एका संकुलात, बदलीच्या हुकुमाने, मी गेली सहा वर्षे राहत आहे.

गेल्या वर्षी आमच्या संकुलाच्या रहिवाशांची सभा भरली होती. विषय एकच होता, सुरक्षितता. शेजारच्या रस्त्यावर एका वृद्ध बाईंच्या गळ्यातली साखळी मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी ओढून नेली होती, आणि सर्वांची मने धास्तावली होती. तेव्हा सत्तरी उलटलेले एक गृहस्थ म्हणाले, “आमच्या लहानपणी मद्रासमध्ये लोक दारे उघडी टाकून निजत असत.” आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “काय सार, तुम्ही इतिहासाचे एम. ए. ना? खरे की नाही?” त्या वेळी मी नुसती मान हलविली. भिडस्त माणूस सभेत दुसरे काय करणार? परंतु श्रोतेहो, तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आज त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

इंग्रज कंपनीला १६३९ साली ही समुद्रकाठची वाळूची पट्टी मिळाली, आणि किल्ल्याबरोबरच त्याच्या उत्तरेला विणकर, दुभाषे, व्यापारी यांची वस्ती वाढू लागली. किल्ल्याच्या तटावर शिपाई होते. पण वस्तीतल्या घरांकडे कोणी पाहावयाचे? हा प्रश्न कंपनीने इथल्याच जुन्या रिवाजाने सोडविला. पेद्द नायक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वंशपरंपरागत रखवालदाराकडे तिने शहराची राखण सोपविली. त्याच्या हाताखाली तलैयारी, म्हणजे पहाऱ्याची माणसे असत. आरंभी ती अवघी २० होती, पुढे वस्ती फुगत गेली तशी १०० पर्यंत वाढली. मोबदला म्हणून त्याला बिनसाऱ्याची भातखाचरे दिलेली होती, आणि बाजारात येणाऱ्या तांदूळ, मासळी, तेल, सुपारी अशा मालावर थोडीथोडी पट्टी घेण्याचा हक्क होता. तरी या करारातली खरी लक्षात ठेवण्याजोगी अट निराळीच होती. कोणाच्या घरी चोरी झाली आणि माल सापडला नाही, तर त्याची भरपाई पेद्द नायकाने स्वतःच्या पदरची करून द्यावयाची.

आज हे ऐकून आपल्याला नवल वाटते. पण महाराष्ट्रातल्या जुन्या गावगाड्याची ज्याला माहिती आहे त्याला वाटणार नाही. आपल्याकडे रामोशी किंवा जागल्या हेच करीत असे. चोरी झाली की त्याने चोराचा माग काढावा, तो माग गावाच्या शिवेबाहेर गेल्याचे दाखवावे, म्हणजे जबाबदारी पुढच्या गावाच्या रखवालदारावर पडे. माग शिवेच्या आतच विरला, तर नुकसान त्याच्या माथी. तामिळ मुलुखात या पद्धतीला ‘कावल’ म्हणत. हा शब्द अजून जिवंत आहे. चेन्नईतल्या कोणत्याही पोलीस ठाण्याच्या पाटीवर आपल्याला ‘कावल निलैयम’ हीच अक्षरे दिसतील, आणि शिपायाला म्हणतात ‘कावलर’. रखवालदार गेला, पण त्याचे नाव सरकारने ठेवून घेतले.

पेद्द नायकाच्या नावाची पेठही शिल्लक आहे. हल्लीच्या जॉर्ज टाउनचा पश्चिमेकडचा भाग म्हणजे पेद्दनायकनपेट. तिथल्या कांदे-बटाट्यांच्या आणि कागदाच्या गर्दीतून वाट काढताना मी एकदा दोनतीन दुकानदारांना विचारून पाहिले, हा नायक कोण? एकाने सांगितले, कोणी राजा असावा. दुसऱ्याने सांगितले, जुना आमदार. शहराची दीडशे वर्षे राखण करणाऱ्याच्या वाट्याला एवढी कीर्ती येणे, हेही काही कमी नव्हे.

दारे उघडी टाकून निजण्याजोगे ते दिवस होते काय? घरफोड्याच्या आधी इथल्या रहिवाशाला भीती होती ती घोडेस्वारांची. १७४० साली रघूजी भोसल्यांची फौज घाट उतरून कर्नाटकात आली, अर्काटचा नबाब दोस्तअली लढाईत पडला, आणि मुलूख सोडून माणसे मद्रासकडे धावत सुटली. आपण ज्या स्वारीचे वर्णन छाती फुगवून वाचतो, तिची वार्ता इथल्या विणकराने दाराला अडसर घालून ऐकली असेल, हे मला इथे येईपर्यंत कधी सुचले नव्हते. पुढे १७६७ मध्ये हैदरअलीचे घोडेस्वार थेट परंगीमलैपर्यंत आले; त्यांच्याबरोबर कोवळ्या वयाचा टिपूही होता. किल्ल्याबाहेर मोकळ्या हवेसाठी साहेब लोकांनी जे बागबंगले बांधले होते ते त्यांनी लुटले. हे बंगले म्हणजे मद्रासचे पहिले उपनगर. म्हणजे माझ्या बिऱ्हाडाच्या खिडकीतून जो रस्ता दिसतो, तो दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा लुटारूंचा हमरस्ता होता! दोन वर्षांनी हैदर पुन्हा आला, आणि याच टेकडीजवळ तळ देऊन त्याने कंपनीकडून तह लिहून घेतला.

मग कंपनीने वस्तीभोवती तट बांधावयास घेतला. पॉल बेनफील्ड नावाच्या कंत्राटदाराने त्यात हात धुऊन घेतले, ती कथा निराळी. तटाचा खर्च कोणी सोसावयाचा, यावर वाद झाला. कंपनीचे म्हणणे असे की तट रहिवाशांच्या रक्षणासाठी आहे, तेव्हा पैसा रहिवाशांनी द्यावा. त्यासाठी कर बसविण्याचे घाटले, पण तो वसूल असा कधी झालाच नाही. तट गेला, एक-दोन तुकडे उरले. न दिलेल्या कराचे नाव मात्र रस्त्याला चिकटून राहिले. सेंट्रल स्टेशनच्या बाजूने उत्तरेकडे जाणाऱ्या त्या रस्त्याला लोक अजून वॉलटॅक्स रोडच म्हणतात. आमच्या संकुलाची वर्गणी थकविणाऱ्यांची यादी दर महिन्याला लिफ्टजवळ लागते. ती वाचताना मला हटकून या रस्त्याची आठवण होते.

१७८२ च्या सुमारास स्टीफन पॉफम या वकिलाने मद्राससाठी पोलिसांची एक योजना सरकारपुढे मांडली. ब्रॉडवे हा रस्ता ज्याने घडविला तोच हा पॉफम. योजना पोलिसांची, पण तिच्यातल्या सूचना पाहा. प्रत्येक रस्त्याला गटार असावे, रस्त्यांना नावे द्यावीत, रात्री दिवे लावावेत, जन्ममृत्यूची नोंद ठेवावी, दारूच्या दुकानांना परवाना असावा. दंडुका, बेडी, तुरुंग यांच्या आधी गटार आणि दिवा! त्या काळी पोलीस या शब्दाचा अर्थच शहराची नीट व्यवस्था असा होता. आपल्याकडे पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडेही बाजारभाव, वजनेमापे, रात्रीची गस्त आणि सफाई ही कामे एकत्रच होती. घाशीराम कोतवालाचा १७९१ साली पुणेकरांनी दगडांनी जीव घेतला. त्या कोठडीकांडामुळे कोतवाल हा शब्दच आपल्या कानाला कठोर लागतो. नाहीतर ते खाते मोठे उपयोगाचे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नायकाची राखण संपली, आणि तिच्या जागी पगारी पोलीस आले. एग्मोर इथे १८४२ पासून पोलिसांकडे असलेली एक प्रशस्त जुनी इमारत आहे. २०२१ साली तिथे तामिळनाडू पोलिसांचे संग्रहालय उघडले. १८५६ साली मद्रासला पहिला पोलीस आयुक्त नेमला गेला, तो बोल्डरसन. त्याच्या आदल्याच वर्षी एक अहवाल प्रसिद्ध झाला होता. सारावसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करवून घेण्यासाठी सरकारी नोकर लोकांचा छळ करतात काय, याची चौकशी करून तीन सदस्यांच्या आयोगाने ‘होय’ असे उत्तर दिले. अंगठ्याला दोर बांधून टांगणे, उन्हात ओणवे उभे करणे, डोळ्यांत मिरची घालणे हे प्रकार रयतेने आयोगापुढे सांगितले. या आयोगाचा एक सदस्य ई. एफ. एलियट हा स्वतः मद्रासचा मुख्य दंडाधिकारी आणि पोलिसांचा प्रमुख राहिलेला गृहस्थ. बेसंटनगरच्या ज्या एलियट्स बीचवर संध्याकाळी चेन्नईची पोरेबाळे फुगे घेऊन धावतात, त्याला याच एलियटचे नाव आहे. सारा आणि पोलीस ही खाती वेगळी करावीत हा विचार त्या अहवालाने बळावला. १८५९ मध्ये मद्रास इलाख्यासाठी पोलिसांचा नवा कायदा झाला आणि १८६१ च्या अखिल हिंदुस्थानच्या पोलीस कायद्याला तोच पुढे नमुना ठरला.

आता ज्यांची राखण गेली, त्यांचे काय झाले? माझ्या दृष्टीने या कथेतला हा खरा गाभा आहे. पुरंदरच्या परिसरातल्या रामोशांचे किल्ल्याच्या राखणीचे हक्क आणि वतने गेली, आणि त्यांच्यातून उमाजी नाईक उभा राहिला. १८३२ साली त्याला पुण्यात फाशी दिले. तामिळ मुलुखात मदुरेच्या बाजूला कळ्ळर समाजाकडे पिढ्यान् पिढ्या कावलचा हक्क होता. ही राखण सोवळी होती असे मुळीच नाही. जे गाव कावलची पट्टी देई त्याच्या गुरांना कोणी हात लावीत नसे. जे देत नसे त्याची गुरे रात्रीतून नाहीशी होत. मग ‘तुप्पुक्कूली’ म्हणून एक रक्कम मोजली की हरवलेले बैल कुठे बांधले आहेत याचा सुगावा मिळे. तुप्पु म्हणजे सुगावा, कूली म्हणजे मजुरी. गावे कंटाळली. १८९६ च्या सुमारास दिंडिगलच्या बाजूच्या कुणब्यांनी आणि धनगरांनी वर्गणी काढून, एकजूट करून, कळ्ळर रखवालदारांना गावोगाव हाकलले. सरकारने त्यापुढची पायरी गाठली. उत्तरेकडे १८७१ साली केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ पासून मद्रास इलाख्यालाही लागू झाला, आणि जन्माला आलेले मूल केवळ जन्माच्या नोंदीवरून संशयित ठरू लागले. बाप्यांच्या बोटांचे ठसे घ्यावयाचे, रात्री त्यांनी ठाण्यावर हजेरी द्यावयाची. १९२० सालच्या ३ एप्रिलला उसिलमपट्टीजवळच्या पेरुंगामनल्लूर गावाने ही नोंदणी नाकारली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि गावकरी मेले. मद्रास इलाख्यातून तो कायदा १९४७ साली गेला, सबंध देशातून १९५२ साली.

हे सारे मी पुस्तकांत वाचले होते. तरीही जे माझ्या हातून घडले ते सांगितल्यावाचून ही गोष्ट पुरी होणार नाही.

आमच्या संकुलाच्या दारावर साठीचा एक रखवालदार होता. अकरा वर्षे तो तिथे होता. पाण्याचा पंप चालू करणे, गॅसचे सिलिंडर वर पोचविणे, शाळेच्या बसमधून पोरे उतरवून घेणे, ही सारी कामे तोच करी, आणि रात्री लोखंडी दाराआड प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसे. त्याच साखळीच्या प्रकरणानंतर महिनाभरात दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरातून सोन्याच्या दोन बांगड्या नाहीशा झाल्या. कुलूप फोडलेले नव्हते. सभा बोलावली. कोणी म्हणाले, घरातल्या मोलकरणीला विचारा. कोणी म्हणाले, इस्त्रीवाल्याला. मग एकजण हलक्या आवाजात बोलला, “आपला तो रखवालदार उसिलमपट्टीकडचा आहे, हे ठाऊक आहे ना?” एवढेच. पुढे कोणी काही बोलले नाही, आणि बोलण्याची गरजही उरली नाही. त्याला काढावे असे ठरले. ठरावाचा मसुदा करण्याचे काम अर्थातच सरकारी नोकराकडे आले. मी तो मोठा निर्दोष केला. त्यात चोरीचा उल्लेख नव्हता, संशयाचा नव्हता, गावाचा तर नव्हताच. ‘सुरक्षा-व्यवस्थेची पुनर्रचना’ एवढेच शब्द होते. वीस वर्षांच्या नोकरीत मी हीच एक विद्या पक्की शिकलो आहे.

अडीच महिन्यांनी त्या घरच्या मुलीच्या लक्षात आले की पोंगलच्या आधी आईच्या सांगण्यावरून तिने बांगड्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्या होत्या. घरच्यांनी पेढे वाटले. मी रखवालदाराचा फोन मिळविला. मदुरेच्या एका मंगल कार्यालयात तो पहाऱ्यावर लागला होता. मी माझ्या मोडक्या तामिळमध्ये जे सांगावयाचे ते सांगितले. तो म्हणाला, “परवायिल्लै, सार,” म्हणजे असू द्या साहेब, आणि मग विचारले, “पंपाचा वायसर बदलला का? तो गळत होता.”

एका शब्दाने माणूस गुन्हेगार होतो, आणि एका नोंदीने आकडाही फुगतो. गुन्ह्यांच्या आकड्यांविषयी माझ्या धंद्यामुळे मला थोडा आदर आणि बराचसा संशय आहे. तामिळनाडूत २०१९ साली दंड संहितेखाली पावणेदोन लाखांहून कमी गुन्हे नोंदले गेले होते. २०२० मध्ये तो आकडा नऊ लाखांच्या जवळ जाऊन पोचला. त्या वर्षी तामिळ माणूस एकाएकी पाचपट दुष्ट झाला काय? महामारीच्या काळात घराबाहेर पडणे हा तेव्हाच्या संहितेच्या १८८ व्या कलमाखाली हुकुमाचा भंग ठरला, आणि त्याची रीतसर नोंद झाली, एवढेच. उलट, जे ठाणे तक्रार लिहूनच घेत नाही त्याच्या हद्दीत कागदोपत्री रामराज्य असते. म्हणून एखादे उपनगर सुरक्षित आहे काय असे मला कोणी विचारले, तर मी आकडा शोधण्याच्या आधी तिथे दिवे लागतात का, शेवटच्या गाडीने उतरलेल्या मुलीला स्टेशनपासून घरापर्यंत उघडी दुकाने भेटतात का, आणि ठाण्यात बाईमाणूस बिनधास्त पाऊल टाकू शकते का, ते पाहतो. या शेवटच्या बाबतीत तामिळनाडूने लवकर पाऊल उचलले. १९७३ साली इथे स्त्रियांची पोलिसांत भरती झाली, आणि १९९२ मध्ये चेन्नईच्या थाउजंड लाइट्स भागात सर्वस्वी स्त्रियांनी चालविलेले ठाणे उघडले. पॉफम असता तर त्याने दिव्यांच्या जोडीला हेही लिहिले असते, असे मला वाटते.

उपनगराची राखण कोणाकडे, हा प्रश्न सरकारलाही सहजी सुटलेला नाही. २००८ साली उपनगरांसाठी वेगळे पोलीस आयुक्तालय काढले, २०११ मध्ये ते शहरात मिळवून टाकले, आणि २०२२ च्या जानेवारीत तांबरम व आवडी अशी दोन आयुक्तालये पुन्हा वेगळी केली. मधल्या काळात रस्तोरस्ती कॅमेरे आले. पोलिसांनी त्या योजनेला ‘तिसरा डोळा’ असे शंकराला शोभणारे नाव दिले, आणि रहिवाशांना व व्यापाऱ्यांना आपल्या खर्चाने कॅमेरे बसवावयास सांगितले. म्हणजे तटाच्या कराचा जो वाद कंपनीला जिंकता आला नाही, तो अडीचशे वर्षांनी आपोआप मिटला. कॅमेऱ्यांमुळे साखळीचोर सापडू लागले हे खरे आहे. आमच्या शेजारच्या बाईंची साखळीही तशीच मिळाली. पण लॉकरमध्ये ठेवलेली बांगडी कॅमेऱ्याला दिसत नाही.

आता आमच्या दारावर एका खाजगी एजन्सीची माणसे असतात. निळा गणवेश, बारा तासांची पाळी, दर दोन-तीन महिन्यांनी नवा चेहरा. बहुतेक मुले ओडिशाकडची. अशा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे, परवाना आहे, प्रशिक्षणाचे तास आहेत. करार वाचण्याचे काम माझ्याकडेच आले. नवव्या कलमात स्पष्ट लिहिले होते की संकुलात चोरी झाल्यास तिच्या भरपाईची कोणतीही जबाबदारी एजन्सीवर राहणार नाही. मी सभेत उठून पेद्द नायकाची अट सांगितली. सगळे मनापासून हसले. सत्तरीचे ते गृहस्थ म्हणाले, “सार, तो जुना काळ होता, तेव्हा लोक प्रामाणिक होते.” एजन्सीचा प्रतिनिधी अदबीने म्हणाला की हे कलम सगळ्याच करारांत असते. मी खाली सही केली.